मेल आलाय खरं, सापडेना: मेलची पीडीएफ करायची आणि इनबॉक्स आवरायची रीत

माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान बेळगावात, वडगावला आहे. दोन्ही बाजूंना माग चालतात, त्यामुळे बोलायचं तर जरा मोठ्यानंच. दिवसातून तीन-चारदा तरी एक वाक्य कानावर येतं, “अक्का, मेल आलाय खरं, कुठं गेलाय ते कळंना.” मग मोबाइल माझ्या हातात येतो. न वाचलेल्या मेलांचा आकडा हजारांत. वरती साड्यांचा सेल, कर्जाची ऑफर, कुणाच्या तरी वाढदिवसाची आठवण. ज्या मेलसाठी माणूस माग बंद ठेवून आलाय तो तळाशी कुठंतरी पडलेला.

सीमाभागातल्या माणसाचे कागद तसेही दोन ठिकाणी वाटलेले असतात. उतारा आणि दाखले कर्नाटकाचे, पोरगा शिकायला कोल्हापूरला, सूत सुरतेहून किंवा इचलकरंजीहून, लेक दिली सांगलीला. पूर्वी हे सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत असायचं. आता ते मेलमध्ये येतं, आणि ट्रंकेला निदान झाकण होतं.

हे सगळं जीमेल धरून लिहिलं आहे, कारण दुकानात येणाऱ्या बहुतेकांकडे तेच असतं. बटणांची नावं मी देवनागरीत लिहिते. तुमच्या पडद्यावर ती इंग्रजीत असतील, किंवा मोबाइलची भाषा मराठी ठेवली असेल तर ‘प्रिंट करा’ अशी मराठीत.

आधी बघा, कागद नेमका कुठं आहे

प्रिंटचं बटण दाबण्याआधी मेल उघडून एक गोष्ट बघायची. तुम्हाला हवा असलेला कागद म्हणजे मेलचा मजकूरच आहे का, की मेलला जोडलेली फाइल, की नुसती लिंक? नवखा माणूस इथंच फसतो. मीही फसले आहे.

भाच्याचा प्रवेश कोल्हापूरच्या एका कॉलेजात झाला. फी ऑनलाइन भरली, मेल आला: “आपली पावती पाहण्यासाठी येथे क्लिक करा.” मी दुकानदारीण, मला काय कोण शिकवणार! मेलची झकास पीडीएफ केली, नाव दिलं, पेनड्राइव्हवर ठेवली. चार महिन्यांनी कॉलेजनं पावती मागितली. पीडीएफ उघडली तर आत तेवढंच एक वाक्य, “येथे क्लिक करा.” क्लिक केलं तर लिंकची मुदत संपलेली. बेळगावाहून कोल्हापूर शंभरावर किलोमीटर. दोन खेपा झाल्या, शेवटी बँकेच्या स्टेटमेंटमधला व्यवहाराचा नंबर दाखवून काम झालं.

तेव्हा मेलमध्ये लिंक असेल तर ती त्याच दिवशी उघडायची आणि आतली पावती डाउनलोड करायची. डाउनलोडचं बटण नसेल तर ते पान उघडं असतानाच त्याची पीडीएफ करायची. मात्र पाठवणारा ओळखीचा आहे आणि तुम्ही खरंच काही भरलं होतं, याची खात्री असेल तरच. न मागता आलेल्या मेलमधली “तुमचा रिफंड मिळवा” छाप लिंक उघडायचीच नाही.

फाइल जोडलेली असेल तर लक्षात ठेवा, मेलची पीडीएफ केली की जोडलेली फाइल तिच्यात येत नाही. खाली फक्त तिचं नाव आणि आकार छापून येतो. ती वेगळी डाउनलोड करावी लागते. आणि मजकुरातच सगळं असेल, म्हणजे रेल्वेच्या तिकिटाचा मेल, मुलाखतीची तारीख, दराची कबुली, ऑर्डरचा होकार, तर त्या मेलची पीडीएफ हाच तुमचा कागद.

कॉम्प्युटरवर

मेल उघडा. चित्रं दाखवलेली नाहीत अशी सूचना आली असेल आणि पाठवणारा ओळखीचा असेल तर आधी ‘डिस्प्ले इमेजेस’ दाबा, नाहीतर पीडीएफमध्ये शिक्का, लोगो, क्यूआर कोड यांच्या जागी रिकामे चौकोन येतील. मेल फार लांब असेल तर जीमेल तो मध्येच तोडतं आणि तळाला ‘व्ह्यू एन्टायर मेसेज’ असं लिहितं. ते दाबून पूर्ण मेल वेगळ्या पानावर उघडा आणि तिथून कंट्रोल-पी दाबा.

साध्या मेलसाठी दोन जागा आहेत. उजवीकडे वर, विषयाच्या ओळीत, प्रिंटरचं चित्र दिसतं. ते दाबलं की अख्खी बातचीत छापली जाते, म्हणजे तुमचा पहिला मेल, त्यांचं उत्तर, तुमचं पुन्हा विचारणं, सगळं एकाखाली एक. फक्त एकच मेल हवा असेल तर त्या मेलच्या उत्तर देण्याच्या बाणाशेजारी तीन टिंबं आहेत. ती दाबून ‘प्रिंट’ निवडा.

नवी खिडकी उघडते आणि तिच्यात छपाईचा तक्ता येतो. ‘डेस्टिनेशन’ या रकान्यात तुमच्या प्रिंटरचं नाव असेल. तिथं दाबा आणि ‘सेव्ह अ‍ॅज पीडीएफ’ निवडा. प्रिंटर नसला तरी हे चालतं, कितीजण मला विचारतात, “प्रिंटर नाही, मग प्रिंट कशी दाबू?” दाबा की, कागद निघत नाही.

‘मोअर सेटिंग्ज’ उघडून कागदाचा आकार ए-४ आहे ना ते बघा. कधीकधी तिथं ‘लेटर’ असतं, तो अमेरिकेतला आकार. आपल्या झेरॉक्सवाल्याकडे तसा कागद नसतो आणि छापताना कडा कापल्या जातात. ‘हेडर्स अँड फूटर्स’वर खूण ठेवली तर पानाच्या कडेला तारीख आणि पत्ता छापला जातो, ऑफिसात द्यायचा कागद असेल तर मी ठेवते, घरच्यासाठी काढते. मग ‘सेव्ह’. जागा विचारेल, नाव विचारेल. नावाचं पुढं सांगते, कारण खरं काम तिथंच आहे.

हे क्रोम ब्राउझरमधलं झालं. दुसरा ब्राउझर असेल किंवा आउटलुकमधून मेल काढायचा असेल, तर विंडोज १० आणि ११ मध्ये प्रिंटरांच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ असतं. ते निवडलं की झालं.

मोबाइलवर

अँड्रॉइडवर जीमेलमध्ये मेल उघडा. इथं तीन टिंबं दोन ठिकाणी असतात आणि गोंधळ त्यानंच होतो. अगदी वरच्या कोपऱ्यातली टिंबं दाबली की ‘प्रिंट ऑल’ मिळतं, म्हणजे पूर्ण बातचीत. पाठवणाऱ्याच्या नावाच्या ओळीतली टिंबं दाबली की ‘प्रिंट’, म्हणजे तो एकच मेल. मग वर प्रिंटर निवडायची पट्टी येते, तिथं ‘सेव्ह अ‍ॅज पीडीएफ’ ठेवा. पीडीएफ लिहिलेलं गोल बटण दाबा, फोल्डर निवडा, नाव बदला, सेव्ह करा.

आयफोनवर ‘प्रिंट’पर्यंत रस्ता तोच. छपाईचा पडदा आला की शेअरची खूण, म्हणजे चौकोनातून वर जाणारा बाण, दाबायची आणि ‘सेव्ह टू फाइल्स’ निवडायचं.

स्क्रीनशॉट काढून भागवू नका. मेल तीन पडद्यांचा असेल तर तीन फोटो होतात, एक हमखास हरवतो, आणि फॉर्म भरताना साइट पीडीएफच मागते. मग ते फोटो घेऊन माझ्याकडे यावं लागतं. माझा धंदा चालतो, पण तरी.

नाव: यावर वेळ घालवा

कुणाच्याही मोबाइलमधला डाउनलोडचा फोल्डर उघडून बघा. ‘डॉक्युमेंट’, ‘डॉक्युमेंट १’, ‘डॉक्युमेंट १ कॉपी’, ‘इनव्हॉइस’, ‘इनव्हॉइस २’, आणि एक चाळीस आकड्यांचं काहीतरी. मेल सापडत नव्हता म्हणून पीडीएफ केली, आता पीडीएफ सापडत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका विणकर मामांचं उदाहरण सांगते. सुरतेचा व्यापारी त्यांना सुताचं बिल मेलनं पाठवतो. मेलमध्ये दोन ओळी असतात, भाव ठरल्याप्रमाणे लावलाय आणि पैसे अमुक दिवसांत द्यायचे. बिल जोडलेलं असतं. भावाची बोली मेलमध्ये, आकडे बिलात. म्हणून दोन्ही ठेवायचे. आम्ही नावं अशी दिली:

२०२५-०६-१४ सूत सुरत मेल
२०२५-०६-१४ सूत सुरत बिल

पहिल्यांदा वर्ष, मग महिना, मग दिवस. आपण बोलताना दिवस आधी सांगतो, पण फाइलच्या नावात वर्ष आधी घातलं की फोल्डर आपोआप तारखेच्या क्रमानं लागतो. दिवस आधी घातला तर सगळ्या वर्षांच्या सगळ्या महिन्यांतल्या एक तारखा एकत्र येऊन बसतात. महिना एकच आकड्याचा असेल तर आधी शून्य द्या, नाहीतर काही ठिकाणी दहावा महिना दुसऱ्याच्या आधी लागतो. तारीख मेल आल्याची, तुम्ही सेव्ह केल्याची नव्हे.

तारखेनंतर विषय, मग कुणाकडून, मग काय. चार-पाच शब्दांत संपवा. इथं वाचायला सोपं म्हणून मी देवनागरीत दाखवलं, पण प्रत्यक्षात नाव इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत द्या. घरात ठेवायला मराठी नाव उत्तम चालतं. अर्जाच्या काही साइटी मात्र मराठी नावाची किंवा मध्ये जागा सोडलेली फाइल घेत नाहीत. जागेऐवजी आडवी रेघ घाला.

कन्नडमधून आलेल्या नोटिशीला तर नाव देणं आणखी गरजेचं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कन्नड वाचता येत नाही, फाइलचं नाव कन्नडमध्ये, मग ती उघडून बघितल्याशिवाय काय आहे ते कळायचा मार्गच नाही. मी एकदा वाचून घेते किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करून अंदाज घेते, आणि लगेच आपल्या भाषेतलं नाव घालते: ‘उतारा दुरुस्ती नोटीस’, ‘घरपट्टी’. भाषांतरावर विसंबून उत्तर मात्र देऊ नका. ते कन्नड जाणणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

याच ओघात एक अडचण. कधीकधी जोडलेली वर्डची फाइल उघडली की नुसता कचरा दिसतो, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. फाइल खराब नसते. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये, कन्नडसाठी नुडी किंवा मराठीसाठी श्रीलिपी, टाइप केलेली असते आणि तुमच्याकडे तो फाँट नसतो. पाठवणाऱ्याला सांगा, तुमच्याच कॉम्प्युटरवरून पीडीएफ करून पाठवा. पीडीएफमध्ये फाँट सोबत येतो, म्हणून कुठंही तशीच दिसते.

बेळगाव किती प्रकारे लिहितात

मेल शोधताना आपल्याकडे एक खास कटकट आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं. पण बँकेत तुमचा पत्ता जुना, कॉलेजात नवा, आणि कुरियरवाला त्याला सुचेल तसं लिहितो. इंग्रजीत जुनं स्पेलिंग बी-ई-एल-जी-ए-यू-एम, नवं बी-ई-एल-ए-जी-ए-व्ही-आय. तुम्ही शोधात एक टाकलं की दुसऱ्या स्पेलिंगचे मेल येत नाहीत. निपाणीत एक पी की दोन, खानापूरला यू एक की ओ दोन, येळ्ळूरला एल किती, हाच घोळ. आडनावांचंही तसंच, चौगुले आणि चौगले एकाच माणसाच्या दोन दाखल्यांवर मी पाहिले आहेत.

उपाय सोपा आहे. शोधाच्या पट्टीत दोन्ही स्पेलिंगं लिहा आणि मध्ये कॅपिटल अक्षरांत ओ-आर घाला. छोट्या अक्षरांत घातलं तर जीमेल त्याला साधा शब्द समजतं. अर्धा शब्द टाकून सगळे सापडतील या भरवशावरही राहू नका, पूर्ण शब्द टाका. त्याहून बरं म्हणजे गावाचं नाव सोडून न बदलणारी गोष्ट शोधा: पिनकोड, अर्जाचा नंबर, मोबाइलचे शेवटचे आकडे नव्हे तर पूर्ण नंबर.

कॉम्प्युटरवर शोधाच्या पट्टीच्या उजव्या टोकाला आडव्या रेघांची एक खूण आहे. ती दाबली की छोटा फॉर्म उघडतो: कुणाकडून, कुणाला, विषय, शब्द, आकार, कोणत्या तारखेच्या आसपास, आणि ‘हॅज अटॅचमेंट’ची चौकट. नाव आठवत नाही, पण गेल्या दिवाळीच्या सुमारास आला होता आणि सोबत फाइल होती, एवढ्यावर मेल सापडतो. माणसाला मेलची तारीख आठवत नाही, सण आठवतो. या फॉर्ममध्ये तेवढं पुरतं.

आणि तरीही सापडत नसेल तर ‘स्पॅम’ आणि ‘ट्रॅश’ उघडून बघा, लवकर. दोन्हीतले मेल ३० दिवसांनी कायमचे जातात. ‘प्रमोशन्स’चा कप्पाही बघा, कामाचा मेल तिथं जाऊन पडलेला मी पाहिला आहे.

आवरायला घेताना

इनबॉक्स आवरायचा म्हणजे चार हजार मेल एकेक करून बघायचे, असं समजून लोक सुरुवातच करत नाहीत. जुनं तसंच राहू दे. आजपासून येणाऱ्याची सोय लावा, जुन्यातलं लागेल तेव्हा शोधातून काढा.

आधी ‘अर्काइव्ह’ समजून घ्या. मोबाइलवर मेलवरून बोट आडवं सरकवलं की तो नाहीसा होतो आणि माणूस घाबरतो, “अक्का, उडाला!” उडत नाही. जीमेल मुळात आडवं सरकवण्याला अर्काइव्ह समजतं. मेल इनबॉक्समधून निघतो आणि ‘ऑल मेल’मध्ये राहतो, शोधला की सापडतो, ३० दिवसांची मुदतही त्याला नाही. कचऱ्याच्या डब्याचं चित्र दाबलं तरच तो ट्रॅशमध्ये जातो. म्हणून माझी पद्धत अशी: वाचला, काम झालं, पीडीएफ लागत असेल तर केली, की अर्काइव्ह. इनबॉक्समध्ये फक्त ज्यावर अजून काही करायचंय तेच मेल.

मग लेबल. लेबल म्हणजे फोल्डर नव्हे. साडीच्या दुकानात एका साडीला दोन चिठ्ठ्या असतात ना, एकीवर किंमत, एकीवर विणकराची खूण. तसं एका मेलला दोन लेबलं लागतात. भाच्याच्या फीचा मेल ‘शिक्षण’मध्येही दिसतो आणि ‘पैसे’मध्येही. लेबलांची नावं मराठीत ठेवता येतात आणि ठेवावीत. पण किती? उत्साहानं पंचवीस करू नका. माझ्याकडे सहा आहेत: घर-जमीन, शिक्षण, बँक-कर, दुकान, दवाखाना, आणि ‘वाट बघतोय’. शेवटचं सगळ्यात उपयोगी. अर्ज केलाय, उत्तर आलेलं नाही, असे मेल त्यात. दर सोमवारी सकाळी दुकान उघडल्यावर पहिल्यांदा तेच लेबल उघडते.

जीएसटीवाल्यांनी ‘दुकान’च्या पोटात आर्थिक वर्षाची लेबलं करावीत, एप्रिल ते मार्च. जीएसटीच्या कायद्यानं हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाचा वार्षिक रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात, म्हणजे सहा वर्षं. सीए विचारतो तेव्हा “बघून सांगतो” म्हणायची वेळ येत नाही.

लेबल दर वेळी हातानं लावायचं नसेल तर फिल्टर करा. हे मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये होत नाही, कॉम्प्युटर लागतो. मगाचचाच शोधाचा फॉर्म उघडा, ‘फ्रॉम’मध्ये पाठवणाऱ्याचा मेल पत्ता घाला आणि ‘क्रिएट फिल्टर’ दाबा. ‘अप्लाय द लेबल’ निवडा. कॉलेज, बँक, वकील यांच्यासाठी ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’वरही खूण करा. जुन्या मेलांनाही तेच लेबल लागावं असं वाटत असेल तर सर्वात खालची, ‘आधीच्या जुळणाऱ्या मेलांनाही लावा’ अशा अर्थाची चौकट निवडा. जुना ढीग आवरायला एवढं एक बटण पुष्कळ काम करतं. ‘स्किप द इनबॉक्स’ मात्र विचार करून. ती खूण केली की मेल इनबॉक्समध्ये दिसतच नाही, थेट लेबलात जातो. जाहिरातींना ठीक, मुलाखतीच्या मेलला नाही.

नको असलेल्या दुकानांच्या मेलवर पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी ‘अनसबस्क्राइब’ असतं. जिथून कधीतरी खरेदी केली तिथलं खुशाल दाबा. पूर्ण अनोळखी मेलला तसं करू नका, तो सरळ स्पॅममध्ये टाका.

जागा भरली तर मेल परत जातो

फुकट खात्यात १५ जीबी मिळतात, आणि त्यात मेल, गूगल ड्राइव्ह आणि गूगल फोटो तिघांचा वाटा. मेल कमी असूनही जागा भरते ती बहुतेक लग्नाच्या आणि यात्रेच्या व्हिडिओंनी. भरली की नवे मेल येईनासे होतात, पाठवणाऱ्याकडे परत जातात. एका पोराचं मुलाखतीचं बोलावणं असंच परत गेलं. पोरगं रोज इनबॉक्स उघडून वाट बघत होतं.

मोठे मेल शोधायला त्याच फॉर्ममध्ये ‘साइझ’च्या रकान्यात १० एमबीपेक्षा मोठे असं घाला. जे निघतील त्यातली हवी ती फाइल आधी उतरवून घ्या, मग मेल पुसा, आणि ट्रॅशही रिकामा करा. ट्रॅशमध्ये पडून असेपर्यंत जागा मोकळी होत नाही. पीडीएफ करून ड्राइव्हवर ठेवलीत तर ती त्याच १५ जीबीतली जागा खाते, म्हणून एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा घरच्या कॉम्प्युटरवर असू दे. नोकरीसाठी म्हणून काढलेलं आणि विसरलेलं जास्तीचं खातं असेल तर अधूनमधून उघडत जा. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसू शकतं.

पीडीएफ ही झेरॉक्सच

पीडीएफ झाली म्हणून मूळ मेल पुसू नका, निदान जमिनीचा, पैशाचा, नोकरीचा. पीडीएफमधला मजकूर बदलता येतो हे समोरच्याच्या वकिलालाही माहीत असतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यायची तरतूद आहे. त्याआधी हे जुन्या कायद्यातल्या ६५-बी कलमात होतं. तुमच्या बाबतीत काय लागेल ते वकील सांगतील, पण त्यांना दाखवायला मूळ मेल खात्यात असायला हवा. कॉम्प्युटरवर मेलच्या तीन टिंबांत ‘शो ओरिजिनल’ आहे. तिथून ‘डाउनलोड ओरिजिनल’ केलं की मेल कुठून कसा आला त्या नोंदींसकट फाइल मिळते. ती पीडीएफच्याच नावानं शेजारी ठेवा.

शंभर-दोनशे मेलांची एकदम पीडीएफ करून देणारी एक्स्टेन्शनं, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, आणि साइटी असतात. मी वापरत नाही. त्यांना तुमचा अख्खा इनबॉक्स वाचायची परवानगी द्यावी लागते, आणि इनबॉक्समध्ये बँकही आहे आणि ओटीपीही. बरेच मेल एकदम कुणाला द्यायचे असतील तर कॉम्प्युटरवर ते निवडून ‘फॉरवर्ड अ‍ॅज अटॅचमेंट’ करा, सगळे मूळ रूपात एका मेलला जोडले जातात. जोडलेल्या फाइलींचं एकूण वजन २५ एमबीच्या आत असावं लागतं.

पासवर्डच्या फाइली, आणि माझं दुकान

मेलवर आलेलं ई-पॅन उघडायला जन्मतारीख लागते, दिवस, महिना, वर्ष अशी सलग आठ आकड्यांत. ई-आधारला नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष. बँकेच्या स्टेटमेंटचा नियम त्या मेलमध्येच लिहिलेला असतो. लोक फाइल उघडतात, मेल वाचत नाहीत. पासवर्ड नको असेल तर फाइल क्रोममध्ये उघडून पासवर्ड घाला आणि पुन्हा ‘सेव्ह अ‍ॅज पीडीएफ’ करा, बहुतेक वेळा नवी प्रत बिनपासवर्डाची निघते. अशी प्रत अर्ज भरण्यापुरती काढा.

आता माझ्याच धंद्याविरुद्ध चार शब्द. झेरॉक्सच्या दुकानात येऊन मेल उघडू नका. घरी मोबाइलवर पीडीएफ करा आणि तेवढीच फाइल घेऊन या. व्हॉट्सअ‍ॅपवर दुकानाच्या नंबरला पाठवलीत तर ती माझ्या मोबाइलमध्ये राहते. छापून झाल्यावर तुमच्यासमोर पुसायला सांगा. उघडावाच लागला मेल, तर इनकॉग्निटो, म्हणजे बंद केल्यावर ब्राउझरमध्ये नोंद न ठेवणारी, खिडकी मागा, ब्राउझरनं “पासवर्ड लक्षात ठेवू का” विचारलं की नाही म्हणा, आणि निघताना साइन आउट. त्यानंतर डाउनलोडच्या फोल्डरमधली फाइल पुसा आणि रिसायकल बिनही. रांगेतल्या मागच्या माणसाला घाई असली तरी. परवा रिसायकल बिन उघडलं तर आत तीन अनोळखी माणसांची पॅनकार्डं आणि एक कर्जमंजुरीचं पत्र होतं. पुसून टाकलं.